फार्मासिस्टांची राष्ट्रीय संस्था : कोणाची आणि कशासाठी?



या व्याख्यानमालेची पत्रिका छापून आली तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीतले एक जुने सहकारी ती हातात घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही गुमास्त्यांचे, इस्पितळातल्या नोकरांचे काम करणारे. औषधांच्या शास्त्राशी तुमचा संबंध काय?" मी त्यांना म्हटले, संबंध आहे, आणि तो शास्त्राकडून आलेला नाही, भांडणाकडून आलेला आहे. ते भांडण मी पुढे सांगणारच आहे. परंतु आधी थोडे दूर जाऊ.

इंग्लंडात ब्रॅडफर्ड नावाचे कापडगिरण्यांचे गाव आहे. १८५८ सालच्या ऑक्टोबरअखेर तेथील बाजारात एका फेरीवाल्याने पेपरमिंटच्या वड्या विकल्या. त्या काळी साखर महाग, म्हणून मिठाई करणारे तीत पांढऱ्या मातीसारखी स्वस्त भुकटी मिसळत; तसा रिवाजच होता म्हणा ना. ती भुकटी औषधविक्याच्या दुकानातून येई. त्या दिवशी दुकानाचा मालक आजारी होता आणि हाताखालच्या नवशिक्या पोराने चुकीच्या पिंपातून बारा पौंड पांढरी पूड मापून दिली. ती पूड सोमलाची होती. सुमारे वीस माणसे मेली, त्यांत मुलेही होती. दोनशेच्या वर आजारी पडली. मिठाईवाला, दुकानदार आणि तो पोरगा या तिघांवर खटले झाले आणि शेवटी कोणालाही शिक्षा झाली नाही. कारण सरळ आहे. पिंपावर नीट चिठ्ठी नसणे, शिकलेला माणूस जागेवर नसणे आणि विष उघड्यावर असणे, यांपैकी कोणत्याच गोष्टीला त्या वेळच्या कायद्यात नीटसे नाव नव्हते.

दहा वर्षांनी, १८६८ साली, तेथे फार्मसीचा कायदा झाला. ठराविक विषे फक्त नोंदणी झालेल्या माणसानेच विकावी असे ठरले, आणि त्या माणसाची परीक्षा घेणे व नोंदवही ठेवणे हे काम 'फार्मास्युटिकल सोसायटी'कडे आले. ही सोसायटी १८४१ साली जेकब बेल वगैरे मंडळींनी लंडनमध्ये स्थापन केलेली. तिचा जन्म परोपकारातून झाला असे कोणी समजू नये. औषधविक्यांना डॉक्टर मंडळींच्या ताब्यात देणारे एक विधेयक त्या वर्षी पार्लमेंटात आले होते, आणि आपला धंदा जातो या भीतीने ही मंडळी एकत्र आली. आम्ही कामगार जसे कपातीची नोटीस लागली की जमतो, तसेच. पोटाच्या भीतीतून जमलेली माणसे पुढे लोकांच्या उपयोगाची संस्था उभी करू शकतात, याची माझ्या मते ही एक चांगली साक्ष आहे.

आता आपल्या देशाकडे वळतो. १९३० साली सरकारने रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषधांची चौकशी समिती नेमली. त्या वेळी बाजारात परदेशी औषधांचा सुळसुळाट होता आणि त्यांत भेसळही भरपूर होती. समितीने १९३१ च्या आपल्या अहवालात औषधावर नियंत्रण हवे असे सांगितले, तसेच औषध देणाऱ्या माणसाच्या शिक्षणावर आणि नोंदणीवरही नियंत्रण हवे असे सांगितले. सरकारने ऐकले, पण अर्धे आणि उशिरा. औषधांचा कायदा १९४० साली झाला. माणसाचा कायदा, म्हणजे फार्मसी अ‍ॅक्ट, १९४८ साली झाला. बाटलीला आठ वर्षे आधी न्याय मिळाला!

मधल्या काळात महादेव लाल श्रॉफ नावाच्या गृहस्थांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९३२ पासून या विषयाचे शिक्षण सुरू केले. त्यांच्याच पुढाकाराने संयुक्त प्रांतात जी संघटना निघाली तिचेच १९३९ साली 'इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशन' झाले. तिची मुख्य कचेरी आज आपल्या मुंबईत, कलिन्याला आहे. नियतकालिक चालवणे, अधिवेशने भरवणे, नोव्हेंबरात फार्मसी सप्ताह पाळणे, सरकारकडे निवेदने पाठवणे अशी कामे ती करते. तिचे सभासदत्व ऐच्छिक आहे.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे, कारण फार्मसीची 'राष्ट्रीय संस्था' म्हटले की लोक तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच पोत्यात घालतात. असोसिएशन ही एक. दुसरी 'फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया'. ही कायद्याने निर्माण झालेली असून १९४९ साली प्रथम स्थापन झाली. तिच्या जोडीला प्रत्येक राज्याचे कौन्सिल असते. अभ्यासक्रम काय असावा, कोणत्या महाविद्यालयाला मान्यता द्यावी हे केंद्राचे कौन्सिल ठरवते. नोंदवही ठेवणे आणि गैरवर्तन सिद्ध झाल्यास नाव काढणे हे राज्याचे कौन्सिल करते. तिसरी औषधविक्रेत्यांची, म्हणजे दुकानमालकांची अखिल भारतीय संघटना. ऑनलाइन औषधविक्रीविरुद्ध २०१७ आणि २०१८ साली देशभर औषधांची दुकाने बंद राहिली, तो बंद हिने पुकारला होता. त्या दिवशी वर्तमानपत्रांत 'फार्मासिस्टांचा संप' असे छापून आलेले मी पाहिले. संप नव्हे तो! मालकाने दुकान बंद ठेवले तर त्याला आमच्या भाषेत दुसरा शब्द आहे.

मग चौथी कोठे आहे? पगारावर औषध देणाऱ्या माणसाची? सरकारी दवाखान्यांतल्या औषधनिर्माण अधिकाऱ्यांच्या संघटना आहेत, आणि त्या बऱ्यापैकी लढतातही. परंतु खासगी दुकानात, खासगी इस्पितळात रात्रपाळी करणारा जो मुलगा आहे, त्याच्यासाठी जवळजवळ काही नाही.

आता ते भांडण सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गावाचे आणि दुकानाचे नाव घेत नाही. दुकान रेल्वे स्टेशनजवळचे, चांगले चालणारे. काउंटरवर आमच्या युनियनचा एक सभासद, दहावी झालेला, पंधरा वर्षे त्याच दुकानात. डॉक्टरांचे अक्षर कंपाउंडरलासुद्धा लागणार नाही इतके वाईट असले तरी तो बिनचूक वाचतो अशी त्याची ख्याती, आणि मलाही त्याचा अभिमान होता. एका म्हातारबाईंना सांधेदुखीवर मेथोट्रेक्सेट लिहून दिले होते. हे औषध या रोगात आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. आमच्या माणसाने पाकिटावर लिहिले, 'रोज एक'. आठ-दहा दिवसांनी बाईंचे तोंड आतून सोलून निघाले, रक्तातल्या पेशी घसरल्या, इस्पितळात न्यावे लागले. बाई वाचल्या. कशा वाचल्या ते त्यांच्या मुलाने मला सांगितले आहे. ते येथे सांगत नाही.

चौकशी आली. भिंतीवर काचेच्या चौकटीत नोंदणीकृत फार्मासिस्टाचे प्रमाणपत्र होते, पण प्रमाणपत्राचा धनी दुकानात नव्हता. तो दुसऱ्या तालुक्यात शिकवण्या घेत होता आणि महिन्याच्या महिन्याला आपल्या कागदाचे भाडे घेत होता. हे 'सर्टिफिकेट भाड्याने देणे' आपल्या महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही असे नाही. मालकाचा परवाना काही दिवस निलंबित झाला, मग त्याने दुसरे प्रमाणपत्र आणून चौकटीत बसवले. चौकट तीच. आमचा माणूस मात्र नोकरीतून गेला.

मी त्याचा खटला चालवला. मी म्हणालो, या माणसाला शिक्षण न देता, जबाबदार माणूस जागेवर न ठेवता, तुम्ही पंधरा वर्षे त्याच्याकडून कायद्याबाहेरचे काम करून घेतले. चूक त्याची कशी? युक्तिवाद वाईट नव्हता. परंतु तो तयार करण्यासाठी फार्मसीचा कायदा मी पहिल्यांदा मुळातून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचला. आणि वाचता वाचता माझीच झोप उडाली.

त्या कायद्याचे ४२ वे कलम असे आहे की, डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध तयार करणे, मिसळणे, देणे हे काम नोंदणीकृत फार्मासिस्टानेच करावे. डॉक्टर आपल्या रोग्याला स्वतः औषध देतो तेवढा अपवाद. कायदा १९४८ चा. पण हे कलम केव्हा लागू करायचे ते राज्यांवर सोडलेले. राज्ये स्वस्थ बसली. शेवटी १९७६ च्या दुरुस्तीने आठ वर्षांची मुदत घातली, आणि १९८४ च्या सप्टेंबरात ते सगळीकडे आपोआप लागू झाले. छत्तीस वर्षे! इतक्या अवधीत गावोगावी एक रीतच पडून गेली होती, की चौकटीतला माणूस वेगळा आणि काउंटरवरचा वेगळा.

दुसरे एक कलम त्याहून माझ्या जिव्हाळ्याचे. पहिली नोंदवही तयार करताना, ज्याने इस्पितळात किंवा दवाखान्यात पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केले आहे अशा कंपाउंडरलाही तीत घ्यावे अशी तरतूद होती. न्याय्य तरतूद होती ती. चालू धंद्यातल्या माणसांना एका रात्रीत बाहेर कसे काढणार? पण ते दार पुढे बंद झाले. आता नोंदणी हवी तर बारावी विज्ञान, मग दोन वर्षांची पदविका आणि वर पाचशे तासांचे प्रत्यक्ष काम. नाहीतर चार वर्षांची पदवी. २०२२ पासून पदविकेनंतर आणखी एक परीक्षा नियमांत आली आहे.

आमच्या युनियनची मागणी काय होती, सांगू? ते दार पुन्हा उघडा. दहा वर्षे काउंटरवर काढलेल्या गुमास्त्याला अनुभवावर नोंदणी द्या. ती मागणी मीच लिहिली होती. म्हातारबाईंच्या प्रकरणानंतर सर्वसाधारण सभेत मी उभा राहिलो आणि माझाच ठराव मागे घ्या असे म्हणालो. फार बोलणी खाल्ली. एक सभासद म्हणाला, "अण्णा, तुम्ही आता मालकांची भाषा बोलता." दुसऱ्याने विचारले, ती पदविकावाली पोरे आमच्याहून काय मोठी हुशार आहेत? नाहीत; पुष्कळ नाहीत. परंतु आमचा माणूस अक्षर वाचण्यात हुशार होता, औषध वाचण्यात नव्हता. आठवड्याची गोळी रोज घेतली तर शरीरात काय होते हे पंधरा वर्षांच्या सवयीतून समजत नाही. सवयीने तर हात उलट बेफिकीर होतो. हे यंत्रावर काम करणाऱ्या कोणालाही विचारा.

तेव्हा नोंदवही हवी, ती कडक हवी, आणि ती राखणारी संस्था हवी. आपल्याच मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे चौदा रोगी दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाला चौकशी करावी लागली. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले गेली. विष तेच, डायएथिलिन ग्लायकॉल. या घटनांत दोष काउंटरवरच्या माणसाचा नव्हता हे खरे. पण औषध कारखान्यातून रोग्यापर्यंत येताना वाटेत किती हात लागतात आणि त्यांतला प्रत्येक हात जाणता का असावा, हे समजायला याहून दुसरे उदाहरण नको.

परंतु, आणि येथे माझे व्यावसायिक मंडळींशी जमत नाही, अशा संस्थेकडून सर्व काही होईल असे मानणे ही फसगत आहे. हे मी माझ्या मनचे सांगत नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडातल्या त्या फार्मास्युटिकल सोसायटीने पगार आणि कामाचे तास ठरवण्यात भाग घ्यायचे मनात आणले. जेन्किन नावाचा एक सभासद कोर्टात गेला. कोर्टाने सांगितले, तुमची सनद व्यवसायाच्या उन्नतीसाठी आहे, मालक-नोकरांचे पगार ठरवण्यासाठी नाही. हे तुमच्या अधिकाराबाहेर आहे. हा निकाल १९२१ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. त्याचा परिणाम असा झाला की दुकानमालकांनी आपली निराळी संघटना उभी केली, आणि तिचीच पुढे 'नॅशनल फार्मास्युटिकल युनियन' झाली. नाव युनियन, पण मालकांची. नोकरीवरच्या फार्मासिस्टांना बूट्ससारख्या मोठ्या कंपनीत स्वतंत्र युनियनची मान्यता मिळायला २०१९ साल उजाडले, आणि त्यासाठी आधी कंपनीने मान्य केलेल्या जुन्या संघटनेची मान्यता मतदानाने काढावी लागली. ही लढाई आमच्याकडच्या कोणत्याही गिरणीवाल्याला समजेल.

तिकडे आणखी एक गोष्ट झाली. नोंदवही राखणे आणि व्यवसायाची बाजू मांडणे ही दोन्ही कामे ती सोसायटीच करत असे. २०१० साली ती वेगळी केली. नोंदवही व शिस्त 'जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल'कडे गेली. एकाच संस्थेने सभासदाची वकिली करावी आणि त्याचा न्यायही करावा, हे फार दिवस चालत नाही. आपल्याकडे ही फारकत १९४८ पासूनच आहे. याबद्दल कायदा करणाऱ्यांना मी शाबासकी देतो.

पण १९४८ सालाबद्दल आणखी एक सांगायचे आहे. त्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी मुंबई राज्याचा दुकाने व आस्थापनांचा कायदाही झाला. म्हणजे एकाच वर्षी सरकारने काउंटरमागच्या माणसाचे ज्ञान, त्याचे वेतन आणि त्याचे तास या तिन्हींना हात घातला. पुढे काय झाले? किमान वेतनाचा कायदा २०२५ च्या नोव्हेंबरात नव्या वेतनसंहितेत विरून गेला. दुकानांच्या जुन्या कायद्याच्या जागी महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आला, आणि तो मुख्यतः वीस किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांनाच लागू आहे; २०२५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा दहाची होती. औषधाच्या दुकानात नोकर किती असतात? तीन, चार. म्हणजे फार्मासिस्ट जागेवर हवा म्हणून एक कायदा सांगतो, आणि तो किती तास जागेवर हवा याबद्दल दुसरा कायदा त्याच्या दुकानापाशी पोहोचतच नाही. सकाळी नऊ ते रात्री दहा दुकान उघडे आणि फार्मासिस्ट एक. २०१५ च्या व्यवसाय-नियमांत रोग्याला औषधाची नीट माहिती द्यावी असे लिहिले आहे. बाराव्या तासाला कोण काय समजावून देणार?

२०१२ च्या सुमारास आपल्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर धडक कारवाई केली. विक्रेत्यांनी बंदची हत्यारे उपसली. ओरड अशी की, इतके फार्मासिस्ट आणायचे कोठून? हे ऐकून मी हसलो, कारण आमच्या कचेरीत त्याच वेळी पदविका घेतलेली बेकार मुले येऊन बसत होती. माणसे होती, त्या पगारावर यायला तयार माणसे नव्हती. आणि पगार इतका कमी असेल तर दिवसभर उभे राहण्यापेक्षा कागद भाड्याने देऊन दुसरे काम करणे परवडते. भाड्याच्या सर्टिफिकेटचा रोग नीतीचा आहे असे कौन्सिल समजते. मला तो निम्मा पगाराचा वाटतो.

कौन्सिलचे हात किती बांधलेले आहेत तेही पाहा. महाविद्यालये भरमसाट निघाली तेव्हा २०१९ साली तिने नवीन महाविद्यालयांना पाच वर्षे बंदी घातली. २०२० साली विदर्भातल्या एका संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फार्मसीच्या शिक्षणात तिचाच शब्द अखेरचा असे म्हटले होते. तरी २०२२ साली त्याच न्यायालयाने ती बंदी टिकू दिली नाही. संस्था काढण्याच्या हक्कावर मर्यादा घालायची तर ती कायद्याने घाला, नुसत्या ठरावाने नव्हे. निकाल कायद्याला धरून आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण परिणाम हा, की कागद वाढत गेले आणि त्याचे भाडे स्वस्त झाले.

आता मताचा प्रश्न. राज्याच्या कौन्सिलवर सहा सभासद नोंदणीकृत फार्मासिस्टांनी निवडून द्यायचे असतात. पाच सरकार नेमते. बाकीचे अधिकारपरत्वे येतात. राज्याचे कौन्सिल आपल्यातून एकाला केंद्रावर पाठवते. या साऱ्या रचनेत अध्यापकांना जागा आहे, सरकारी अधिकाऱ्यांना आहे, डॉक्टरांच्या परिषदेला आहे. पगारी फार्मासिस्ट म्हणून एकही जागा नाही. म्हणून काय झाले, मत तर आहे! मी मुलांना विचारतो, गेल्या निवडणुकीत मत दिले का? बहुतेकांचे उत्तर, निवडणूक असते हे ठाऊक नव्हते. दुकानमालकांना मात्र ठाऊक असते, आणि ते संघटित असतात. मी त्यांना दोष देत नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने या कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय फार्मसी आयोग आणण्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात निवडणुकीपेक्षा नेमणुकीवर भर आहे. कौन्सिलच्या निवडणुका स्वच्छ होत्या असे कोणी म्हणणार नाही. पण वाईट निवडणुकीवर उपाय म्हणून निवडणूकच काढून टाकायची, हे मला युनियनच्या नोंदणीपासून आजवर कोणी पटवू शकलेले नाही. माझे म्हणणे उलट आहे. आयोग येवो की कौन्सिल राहो, त्यावर नोकरीतल्या फार्मासिस्टांनी निवडलेल्या निदान काही जागा असाव्यात. पगार ठरवण्यासाठी नव्हे. ते युनियनचे काम आहे आणि ते आम्ही करू. परंतु एका फार्मासिस्टाने एका पाळीत किती चिठ्ठ्या हाताळाव्या, जेवणाच्या सुटीत काउंटर कोणाकडे असावा, हे प्रश्न रोग्याच्या सुरक्षिततेचे आहेत आणि ते ठरवताना काउंटरवर उभा राहणारा माणूस टेबलाशी हवा.

एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. ज्याने कागद भाड्याने दिला त्याच्याविरुद्ध कौन्सिलकडे लेखी तक्रार करावी असे मला त्या वेळी वाटत होते. कलम होते, पुरावा होता. तो मुलगा मला भेटायला आला. वडील वारलेले, शिक्षणाचे कर्ज अंगावर. नाव काढले गेले तर आयुष्यभराचा कागद गेला. मी तक्रार केली नाही. बाईंच्या मुलाला हे कळले तेव्हा तो मला म्हणाला, "तुम्ही त्याच्या बाजूचे, की माझ्या आईच्या?" त्याला द्यायला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. असा निवाडा माझ्यासारख्याच्या हातात असू नये, तो अशा एका संस्थेच्या हातात असावा जिला त्या मुलाचीही कीव येऊन चालणार नाही आणि त्या मालकाचेही भय वाटून चालणार नाही, हे मला त्यानंतर समजले. आज मी तक्रार करीन.

आमच्या काउंटरवरच्या माणसाचे काय, असे कोणीतरी विचारणारच. खटला तडजोडीत मिटला. थोडे पैसे मिळाले. युनियनच्या सभेत अनुभवावर नोंदणीचा ठराव तहकूब राहिला, आणि त्याऐवजी, जो गुमास्ता शिकू इच्छितो त्याला मालकाने परीक्षेची रजा आणि निम्मी फी द्यावी अशी मागणी आम्ही लावून धरली. काही दुकानदारांनी ती मानली. हा गृहस्थ आता एका दुकानात माल लावण्याचे काम करतो, चिठ्ठीला हात लावत नाही. गेल्या वर्षी वयाच्या अडतिसाव्या वर्षी तो बारावी विज्ञानाला बसला आणि रसायनशास्त्रात राहिला. पुन्हा बसणार आहे. पुस्तके आमच्या कचेरीतच ठेवतो, आणि संध्याकाळी दिवा असेपर्यंत तेथे वाचत बसतो.